मासोळीच्या पोटातली शाल

बोरकुटेसरांना शाल चढायची. काही लोकांना दारू चढते, काहींना खुर्ची, सरांना शाल. एकदा ती खांद्यावर पडली की उतरायचं नाव नाही. कार्यक्रम संपला, मांडववाल्याने खुर्च्या उचलल्या, कुत्री येऊन सांडलेली भजी शोधायला लागली, तरी सर आपले शाल पांघरून मांडवाच्या तोंडाशी उभे. न जाणो, एखादा फोटो काढायचा राहून गेला असेल.

हे डॉ. सुनिल बोरकुटे चंद्रपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते, आणि नंदिनी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. नंदिनी मूळची नागभीडची. बाप रेल्वेत पॉइंट्समन. पोरीने शिकावं म्हणून त्याने आपल्या हौसामौजा बाजूला ठेवल्या, आणि पोरगी शिकली तीही अशी की तिशी उलटली तरी शिकतेच आहे, असं नातेवाईक म्हणत. तिला संशोधनाची मनापासून आवड होती. हा तिचा मोठाच दोष. ज्याला विषयाची आवड नसते त्याचं गाइडशी छान जमतं.

विषय होता मासळीच्या पोटातलं सूक्ष्म प्लास्टिक. पिशव्या, बाटल्या, जाळी, कपडे झिजून झिजून त्यांचे कण आणि धागे होतात, डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. ते पाण्यात जातात आणि मासा ते गिळतो. किती गिळतो, कसलं गिळतो, हे मोजायचं. सरांनी त्यासाठी चिखलमाऱ्याचा तलाव निवडला. नागभीडपासून आत, धानाच्या बांध्यांमधून वाट काढत गेलं की जंगलाच्या कडेला हा जुना मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळात बांधलेला, तलाव लागतो. तिथली मासेमारी गावातल्या ढिवरांच्या सोसायटीकडे. सर म्हणाले, "हा तलाव अस्पर्श आहे, निसर्गरम्य आहे." त्याच वाटेवर सरांच्या साडूचं फार्महाऊस आहे, हे नंदिनीला मागून कळलं.

पद्धत सोपी होती. सोसायटीने दर महिन्याला संशोधनासाठी मासळी फुकट द्यायची. नंदिनीने ती प्रयोगशाळेत चिरायची, आतडी काढून काचेच्या बरणीत पोटॅशच्या पाण्यात ठेवायची. दोन-तीन दिवसांत मांस विरघळून जातं, प्लास्टिक विरघळत नाही. मग ते पाणी गाळायचं, गाळणीचा कागद मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि काय उरलं ते मोजायचं. आतडी अशी विज्ञानाच्या कामी येत. बाकीची मासळी, म्हणजे रोहू, कतला आणि नशीब जोरावर असलं तर एखादी मरळ, सरांचा ड्रायव्हर स्टीलच्या डब्यात भरून नेई. सर त्याला 'नमुन्यांची शास्त्रीय विल्हेवाट' म्हणत. विल्हेवाट सरांच्या स्वयंपाकघरात लागे, आणि दुसऱ्या दिवशी सर दात कोरत विभागात येत.

कामाचा शुभारंभ श्रावणात तलावाच्या पाळीवर झाला. मोजायचं होतं प्लास्टिक, म्हणून आधी प्लास्टिकचाच वीस फुटी फ्लेक्स पाण्याच्या काठाला बांबू रोवून लावला. निळ्या आभाळावर पांढऱ्या अक्षरांत 'तलाव वाचवा, जीवन वाचवा', आणि अक्षरांपेक्षा मोठा सरांचा हसरा चेहरा. पाहुण्यांना प्लास्टिकच्या बाटल्यांतून पाणी, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले गुच्छ. सोसायटीच्या वतीने धुरपताबाईने सरांना शाल-श्रीफळ दिलं. धुरपताबाई म्हणजे सोसायटीचा खरा कारभार. अध्यक्ष तिचा भाचा लटारू होता, पण तो सही करायच्या आधी आत्याच्या तोंडाकडे पाही. ती शाल धुरपताबाईने नागभीडच्या बाजारात स्वतः पसंत केली होती. भडक राणी रंगाची, ॲक्रिलिकची, इतकी लवदार की नुसता हात फिरवला तरी बोटांना लव चिकटावी. सरांचं कपाट शालींनी भरलेलं होतं, पण या शालीवर त्यांचा जीव जडला. तेव्हापासून ती त्यांच्या अंगावरच असे.

आता गंमत बघा. प्रयोगशाळेच्या दारावर सरांच्याच सहीची पाटी होती: 'आत येताना कृत्रिम धाग्यांचे कपडे घालू नयेत. धागे नमुन्यात पडतात.' नंदिनी सुती सलवार-कुर्ता आणि सुती ॲप्रन घालून काम करी. सर त्याच दारातून राणी रंगाची शाल फडकवत आत येत, एसीच्या गारव्याने शहारत ती आणखी घट्ट ओढून घेत आणि नंदिनीच्या खांद्यावरून वाकून उघड्या बरण्यांत डोकावत. पहिल्याच महिन्यात तिने धीर करून म्हटलं होतं, "सर, ही शाल ॲक्रिलिकची आहे."

"मग?"

"दारावर पाटी आहे, सर."

"पाटी कपड्यांविषयी आहे, नंदिनी. शाल हा कपडा नाही. शाल हा सन्मान आहे."

मग तिने कोऱ्या चाचणीचं विचारलं. कोरी चाचणी म्हणजे मासाबिसा काही न घेता नुसतं शुद्ध पाणी त्याच बरणीतून, त्याच गाळणीतून काढायचं. त्यातही धागे सापडले, तर ते माशाच्या पोटातले नव्हेत, आपल्याच खोलीतले, हे कळतं. जगात सगळीकडे ही चाचणी करतात. सर म्हणाले, "शुद्ध पाण्यात काय पाहायचंय? गाळणीचे कागद काय झाडाला लागतात?" नंदिनी गप्प बसली. प्रबंधावर सही याच माणसाची हवी होती, आणि पाण्यात राहून माशाशी वैर करू नये एवढं तिलाही कळत होतं.

मग व्हायचं तेच झालं. आतड्यांच्या गाळात गुलाबी धागे सापडले. एकदोन नव्हे, झुबकेच्या झुबके. सर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले, आणि त्यांची शाल त्यांच्याबरोबर बरणीवर ओणवली. "जगात असं कुठेच सापडलेलं नाही!" ते म्हणाले. ते खरंच होतं. सरांनी त्या धाग्याला 'चिखलमारा पिंक' असं नाव देऊन टाकलं. धागे ढिवरांच्या नायलॉनच्या जाळ्यांतून येतात, असंही त्यांनी ठरवलं. गावातली जाळी पांढरी नाहीतर निळी होती, गुलाबी जाळं औषधालाही नव्हतं. पण माशाच्या पोटातल्या आम्लाने रंग बदलतो, असा एक सिद्धांत सरांनी तिथल्या तिथे उभा केला. नंदिनीने तो टाइप केला.

बातमी एका पेपरात पहिल्या पानावर आली: 'चिखलमाऱ्याच्या मासळीत गुलाबी विष!' सोबत सरांचा शाल पांघरलेला फोटो. फोटो रंगीत होता, शालही रंगीत होती, आणि तरी कुणाच्या डोक्यात काही शिरलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नागभीडच्या बाजारात मात्र बातमीचा लगेच उजेड पडला. चिखलमाऱ्याच्या बायका टोपल्या घेऊन बसल्या की गिऱ्हाइकं लांबून वळसा घालून जात. जी बाई वर्षानुवर्षं 'धुरपताबाई, मोठी पाहून दे' म्हणत आली, ती आता नाकाला पदर लावून पुढे जाई. मासळी ही काही गहू-तांदूळ नव्हे, ठेवली तर टिकायची नाही. सांजच्याला बायका टोपल्या तशाच उचलून नेत आणि गावाबाहेर खड्ड्यात ओतत. त्यातच जिल्ह्याहून निरोप आला. एक समिती चिखलमाऱ्याला येणार, सर लोकांसमोर अहवाल सांगणार, आणि समितीला पटलं की तलावावर वर्षभर मासेमारी बंद.

त्या आठवड्यात धुरपताबाई थेट चंद्रपूरला, प्रयोगशाळेत आली. सर नव्हते. तिने चपला दाराबाहेर काढल्या आणि पाटीखालून आत शिरली. अंगावर सुती लुगडं होतं, म्हणजे नियमात बसत होती.

"काऊन वो पोरी," ती म्हणाली, "तुह्या बापानं माहीच मासोळी चारून तुले मोठी केली नं? तवा कुठी गेलतं हे गुलाबी?"

"धुरपताबाई, बसा नं आधी."

"बसत नाई. बाजारात लोकं असे पाहून राह्यले मायाकडं, जसं मी जहर विकून राह्यली. आता सालभर तलाव बंद करतो म्हंते. सालभर आमी काय खावाव? तुह्या सराची शाल?"

हे ती रागाच्या भरात बोलली आणि निघून गेली. पण ते शेवटचं वाक्य नंदिनीच्या कानात असं बसलं की निघेना. तिला आतून माहीत होतं. पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. आपण दारावरची पाटी रोज वाचतो, रोज त्या शालीची लव टेबलावरून पुसतो आणि वर गुलाबी धाग्यांचा सिद्धांत टाइप करतो, या विचाराने तिला स्वतःची किळस आली.

सुदैवाने सर वाघांच्या जंगलाच्या तोंडाशी, मोहर्लीला गेले होते. तिथल्या एका रिसॉर्टवर पर्यावरण परिषद होती; सकाळी वाघ, दुपारी भाषण, संध्याकाळी सत्कार. सर दूर होते तेवढ्यात नंदिनीने सगळी खोली ओल्या सुती फडक्याने पुसली आणि कोरी चाचणी केली. गाळणीचा कागद पांढरा शुभ्र. शीतपेटीत राखून ठेवलेली मासळीची आतडीही तिने नव्याने तपासली. त्यांतही गुलाबी काही नाही. सर परत आले, शालीसकट तिच्या खांद्यावरून डोकावले, वाघ कसा दोन हातांवर होता ते हातवारे करून सांगून गेले. त्यांच्या देखत मांडलेल्या शुद्ध पाण्याच्या बरणीत राणी रंगाचे धागे निघाले. तिने सरांच्या खुर्चीच्या पाठीवरची लव चिमट्याने उचलून शेजारी ठेवली. रंग तोच, जाडी तीच, पीळ तोच.

तिने सरांना हे दाखवलं. सरांनी बराच वेळ पाहिलं. मग मान वर केली, आणि त्यांचा चेहरा एखाद्याला मेजवानीतून उठवावं तसा झाला होता.

"म्हणजे तू माझ्या सत्कारावर संशय घेतेस?"

"सत्कारावर नाही, सर. शालीवर."

"ते एकच." सरांनी खाकरून आवाज खाली आणला. "तुझा प्रबंध उन्हाळ्याच्या आत जमा करायचाय ना? मग या कोऱ्या चाचण्या त्यात नकोत. विषयांतर होतं. आणि समितीसमोर तर यातला शब्द काढायचा नाही."

"बरं, सर," नंदिनी म्हणाली. हे 'बरं, सर' म्हणायची तिच्या जिभेला इतकी सवय झाली होती की ते आपोआप बाहेर पडलं. पण जिना उतरेपर्यंत तिच्या मनात दुसरंच काही शिजायला लागलं होतं. सरांना सत्य सांगून काही होणार नव्हतं. सरांना सत्कारच हवा होता ना? मग तो भरपूर करावा.

दुसऱ्या दिवशी तिने सरांच्या पुढ्यात गाजर धरलं. "सर, समितीसमोर नुसतं बोलण्यापेक्षा प्रत्यक्ष गाळून दाखवलं तर? मायक्रोस्कोप मोठ्या पडद्याला जोडू. सगळं गाव बघेल. पेपरवालेही येतील."

सरांचे डोळे लकाकले. "आधी शुद्ध पाणी गाळायचं," ते म्हणाले, "ते स्वच्छ. मग मासळीचा नमुना, तो गुलाबी! लोकांच्या काळजात धस्स झालं पाहिजे."

रविवारी नंदिनी एसटीने चिखलमाऱ्याला गेली. धुरपताबाई अंगणात मोहाच्या सावलीला जाळं शिवत बसली होती. बाजार बंद असला तरी हात कसे बंद ठेवणार? नंदिनीने तिला एवढंच सांगितलं की सर आले की त्यांचा पुन्हा सत्कार करायचा, शाल घालून.

"ज्यानं आमचा धंदा बुडवला, त्याचा आनखी सत्कार?" धुरपताबाईने सुई जमिनीत खुपसली. "येडी झाली का वो तू?"

"शाल पोपटी घ्या. हिरवी पोपटी. आन् लवदार पाहून घ्या."

"काऊन?"

"आता काई इचारू नका. मायावर भरवसा ठेवा."

धुरपताबाईने तिच्याकडे रोखून पाहिलं. "सरावर भरवसा ठेवला तं हे झालं," ती म्हणाली. "तुह्यावर ठेवतो, पण तुह्या बापाकडं पाहून."

कार्यक्रम तलावाच्या पाळीवरच, जुन्या फ्लेक्सच्या शेजारी झाला. श्रावणापासून उन्हापावसात उभा राहून फ्लेक्सची दशा झाली होती. खालची कड फाटून पाण्यात लोंबत होती आणि सरांची हनुवटी लाटांबरोबर हलत होती. मंचावर समितीचे साहेब बसले होते. बोलणं कमी, घड्याळात पाहणं जास्त. सर आले ते राणी रंगाची शाल पांघरूनच. गावाने दिलेली शाल गावाला दिसावी, हा त्यांचा मनाचा मोठेपणा. धुरपताबाईने पुढे होऊन वरून पोपटी शाल घातली. बाहेरून पोपटी, आतून गुलाबी, सर पाडाला आलेल्या पेरूसारखे दिसायला लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी दोन्ही शाली सावरून फोटोसाठी हसून घेतलं.

नंदिनीने सुती ॲप्रन चढवला. काचेच्या सीलबंद बाटलीतलं शुद्ध पाणी मंचापासून दूर, टेबलाच्या कोपऱ्यावर स्वतः गाळलं आणि कागद मायक्रोस्कोपखाली ठेवला. पडद्यावर पांढरं दिसलं, धुतल्या धोतरासारखं.

"बघा," सर माइकमध्ये म्हणाले, "शुद्ध पाणी. आता—"

"सर," नंदिनी मध्येच म्हणाली, "हेच पाणी एकदा तुमच्या हाताने गाळा ना. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? लोकांना तुमचा हात दिसला पाहिजे."

एवढा मान दिल्यावर सर थोडेच नाही म्हणणार! त्यांनी बाह्या सावरल्या, शालींचे पदर मागे टाकले, ते पुन्हा पुढे आले, पुन्हा मागे टाकले, आणि वाकून त्याच बाटलीतलं पाणी सावकाश, कॅमेऱ्याला दिसेल असं गाळलं. नंदिनीने कागद मायक्रोस्कोपखाली सरकवला.

पडद्यावर गुलाबी धागे आले. आणि त्यांच्यात गुंतलेले, तसेच वळलेले, पोपटी धागे.

मग लटारू उभा राहिला. अध्यक्ष म्हणून त्याला पहिल्यांदाच आत्याला न विचारता बोलावंसं वाटलं होतं. "सर," तो म्हणाला, "यात तं मासोळीच नाई. मंग हे पोपटी कुठून आलं?"

नंदिनीने माइक घेतला. "हे धागे शालींचे आहेत," ती म्हणाली. "सर प्रयोगशाळेत शाल घालून येतात. आम्ही बरणीत फक्त माशाची आतडी टाकतो; गुलाबी धागे त्या आतड्यांतले नव्हते. सर मोहर्लीला गेले होते तेव्हा मी पुन्हा तपासलं, तेव्हा एकही निघाला नाही. मी हे आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही माझी चूक."

समितीच्या साहेबांनी घड्याळावरची नजर उचलून सरांवर ठेवली. आता सर कोसळणार, असं नंदिनीला वाटलं. ती सरांना इतकी वर्षं ओळखत होती आणि तरी तिला असं वाटलं, याला भाबडेपणा म्हणतात. सरांनी तिच्या हातून माइक हळूच काढून घेतला, गोड हसले आणि म्हणाले, "हेच, हेच मला आज दाखवायचं होतं! विज्ञान स्वतःचीही परीक्षा घेतं. प्रयोग ठरल्याप्रमाणे पार पडला. माझ्या विद्यार्थिनीचं अभिनंदन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइकवर कुणी थांबलं की टाळ्या वाजवायच्या, ही आपली रीतच आहे.

"मात्र," सरांनी हात वर केला, "यातून प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. नक्की काय आहे माशांच्या पोटात? यासाठी नवा प्रकल्प लागेल. तो पूर्ण होईपर्यंत, निव्वळ सावधगिरी म्हणून, तलाव बंद ठेवावा अशी माझी नम्र शिफारस आहे."

साहेबांनी मान हलवली. सावधगिरीला कोण नाही म्हणतो? सावधगिरीत साहेबांचं काही जात नाही. इतकं सगळं केलं, आणि उंट आपला पुन्हा त्याच कुशीवर बसला. समोर बसलेल्या बायकांचे चेहरे नंदिनीला पाहवेनात.

तेवढ्यात धुरपताबाई उठली.

"एक इचारू का जी, साहेब?"

"विचारा."

"हे पोट्टी म्हंते, तपासाले फक्त पोटातलं लागते. आतडी बरणीत टाकली. मंग बाकी मासोळी कुठी गेली? दर मयन्याले आमी टोपली भरून देत होतो."

"त्याची शास्त्रीय विल्हेवाट लावली जाते," सर घाईने म्हणाले.

"म्हंजे काय करता?"

"म्हणजे... विल्हेवाट. पद्धतशीर."

"म्हणजे काय, बोरकुटे?" साहेबांनी विचारलं. मासळीचं नाव निघाल्यापासून त्यांनी घड्याळात पाहिलं नव्हतं.

सरांनी नंदिनीकडे पाहिलं. त्या एका नजरेत प्रबंध होता, सही होती, बापाने बाजूला ठेवलेल्या हौसामौजा होत्या. नंदिनीच्या जिभेवर ते 'बरं, सर' आलं होतं. तिने ते गिळलं.

"सरांच्या घरी जाते, साहेब," ती म्हणाली. "डब्यात भरून."

"पेपरात छापून आलं, त्यानंतरही?"

"त्यानंतर तर सरांनी मरळ मागवली होती. पाहुणे यायचे होते."

मंडपाच्या मागच्या टोकाला कुणीतरी खुदकन हसलं. मग हसू पुढे पुढे सरकत आलं. धुरपताबाई मात्र हसली नाही. ती मंचाच्या अगदी जवळ गेली आणि सरांना खालपासून वरपर्यंत निरखून पाहू लागली, बाजारात मासोळीचे कल्ले उघडून पाहावेत तशी.

"पहा जी, साहेब," ती म्हणाली. "लोकायले सांगते जहर आहे, आन् सोता बायकापोरायसंगं काटे चाटून राह्यले. काई झालं का यायले? टमाटरासारखे लाल दिसून राह्यले! आमच्या बाया टोपल्या खड्ड्यात ओतून राह्यल्या, पोट्टे चटणीसंगं भात खाऊन राह्यले, आन् आमचीच मरळ यायच्या पाहुण्यायले!" इतके दिवस बाजारात मान खाली घालून बसलेली बाई होती ती.

साहेबांना आधी हसू आलं, मग ते आवरून त्यांनी घसा साफ केला. "तलाव बंद करायचं काही कारण मला दिसत नाही," ते म्हणाले. "अहवाल परत घ्या, बोरकुटे. आज जेवायला काय आहे?"

"वांगे," लटारू ओशाळून म्हणाला. "मासोळी कराची हिंमतच नाई झाली."

"करा," साहेब म्हणाले.

सगळ्या गावासमोर, पेपरवाल्यांच्या कॅमेऱ्यासमोर पंगत बसली. साहेबांनी दोनदा रस्सा मागून घेतला. त्यांच्या शेजारी सर बसले होते. त्यांच्याही ताटात रोहूचा तुकडा पडला, आणि सगळे पाहत असल्याने तो त्यांना खावा लागला. खाताना आवडत नसल्याचा चेहरा करायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तुकडा काट्यासकट संपला.

नंदिनी पंगतीला बसली नाही. तलावाच्या काठावर जाऊन उभी राहिली. तलाव वाचला, याचा आनंद खराच होता, पण त्याला एक काटा होता. कोऱ्या चाचणीने जे साधलं नाही, ते सरांच्या पोटाने साधलं. सही तर गेलीच. आता नवा गाइड शोधा, नव्याने सुरुवात करा, बापाला काय सांगायचं ते ठरवा.

धुरपताबाई हात पुसत तिच्याजवळ आली. भोवती कुणी नाही असं पाहून हळू आवाजात म्हणाली, "आता खरं सांग, पोरी. काईच नाई का मासोळीच्या पोटात?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! बाईच्या डोळ्यांत आत्ता कुठे जीव आला होता. पण एकदा गप्प बसून काय होतं ते नंदिनीने पाहिलं होतं.

"आहे, धुरपताबाई," ती म्हणाली. "बम नाई, थोडंसं. दोनचार मासोळ्यायच्या पोटात. गुलाबी नाई, निळे-पांढरे तुकडे."

धुरपताबाईचा चेहरा उतरला. "कायचे?"

नंदिनीने समोरच्या फ्लेक्सकडे बोट दाखवलं. निळ्या आभाळाची एक चिंधी पाण्यावर तरंगत होती. 'जीवन वाचवा'मधला 'वाचवा' अर्धा गळून गेला होता. सरांच्या हनुवटीच्या चिंध्यांना लहान लहान मासोळ्या तोंड लावून पाहत होत्या.

धुरपताबाईने ते पाहिलं. मग तिने लुगड्याचा काष्टा वर खोचला, स्वयंपाकाच्या जागेवरून कोयता उचलला आणि गुडघाभर पाण्यात शिरली. पहिल्या घावात बांबूची दोरी तुटली आणि सरांचा अर्धा चेहरा खाली आला.

पंगतीतून सर रस्स्याच्या हातानेच उभे राहिले. दोन्ही शाली अजून अंगावर होत्या. "अहो, काय करताय? काय करताय तुम्ही?"

"परयोग करून राह्यली जी, सर!" धुरपताबाई मागे न पाहता ओरडली आणि तिने दुसरी दोरी तोडली.

ओला फ्लेक्स एकट्या बाईला आवरण्यासारखा नव्हता. नंदिनीने चपला काठावर काढल्या, सलवार वर दुमडली आणि दुसरं टोक धरायला पाण्यात उतरली.